शिफारस कोणाची

आमच्या कॉलेजात वर्गात शिकवणाऱ्यांना सर म्हणतात आणि वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्याला मास्तर. हा नियम कुठे लिहिलेला नाही. तरी नवीन आलेली मुले कुणी न सांगता तो पाळू लागतात. मी मास्तर. याच कॉलेजातून मी पदविका घेतली, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काही वर्षे काढली आणि परत येऊन लेथ आणि मिलिंगचा विभाग हाती घेतला. या संबोधनाचे मला कधी वाईट वाटले नव्हते. सर येतात, बढती घेऊन जातात; मास्तर मात्र जागच्या जागी असतो, अशी थोडी ऐटच मी त्यात मानीत असे.

माझ्या विभागातल्या एका विद्यार्थिनीला आम्ही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणत असू. हे नाव स्टोअरकीपरने ठेवलेले. पहिल्याच सत्रात तिने त्याच्याकडून नेलेला, बारीक मापे घ्यायचा मायक्रोमीटर परत आणून खिडकीत ठेवला होता.

"काका, हा शून्यावर येत नाही."

"अगं बाई, इतकी वर्षं याच्यावर कुणाचं काही अडलं नाही. तुझं एवढ्याशा फरकानं काय अडलं?"

"जॉब अडला." मशीनवर घडवायच्या तुकड्याला आमच्याकडे जॉब म्हणतात.

स्टोअरकीपरने दुसरा मायक्रोमीटर काढून दिला आणि जाता जाता तिचे बारसे करून टाकले. पुढे ती सुट्टीच्या दिवशीही वर्कशॉपमध्ये येऊ लागली. मी कागदपत्रे पुरी करायला जात असे, ती मशीनवर काम करी. माझी बायको त्या दिवशी डब्यात दोघांचे भरून देई आणि "तुमच्या लेकीला द्या," असे म्हणे. आम्हाला मूल नाही. त्यामुळे हा शब्द ती नेमका किती थट्टेने वापरी, हे मी कधी तपासून पाहिले नाही.

शेवटच्या वर्षी तिने वरच्या शिक्षणासाठी एका मोठ्या संस्थेकडे अर्ज करायचे ठरवले. तिथे पदविकेच्या मुलांसाठी जागा मोजक्याच, आणि गुण तर अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच चांगले असतात. निवड होते ती शिक्षकांच्या शिफारसपत्रांवर. तिथे जागा मिळाली नाही, तर मामाच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गल्ल्यामागे बसायचे, हे तिच्या घरी ठरून गेलेले होते. मामाने खुर्चीसुद्धा घेऊन ठेवली होती, असे ती हसत सांगे. पण ते सांगताना हातातली कानस जरा जोरात चाले.

एके दिवशी तास संपल्यावर ती अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"मास्तर, दोघांची पत्रं लागतात. कोणाकोणाकडे मागू?"

मी अर्ज वाचला. 'प्रत्यक्ष शिकवलेल्या दोन व्यक्ती' एवढेच त्यात म्हटले होते. पदाची, पदवीची कसलीही अट नव्हती. ती ओळ मी पुन्हा वाचली आणि अर्ज परत दिला.

"तुझ्या मनात कोण आहे?"

"गणिताचे सर?"

"चांगलं लिहितात. पण एकदाच लिहून ठेवलंय त्यांनी. नाव तेवढं बदलतात."

"मग ड्रॉईंगच्या मॅडम?"

"मॅडम अगदी मनापासून लिहितील. मुदत संपल्यावर."

ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि विभागप्रमुख सर?"

"त्यांनी तुला काय शिकवलंय?"

"एक सत्र. यंत्रांची थिअरी."

"तुला ओळखतात?"

"हजेरीपुरतं."

"मग ते काय लिहिणार? हुशार, मेहनती, शिस्तप्रिय. असली पत्रं वाचून कुणी खुर्चीत सावरूनसुद्धा बसत नाही."

"पण त्यांच्या सहीला वजन आहे, मास्तर."

"सहीला असेल. पत्राला कुठून येणार?" मी म्हणालो. "हे बघ, ज्यानं तुझं काम बिघडताना पाहिलंय आणि सुधारतानाही पाहिलंय, त्याच्याकडे माग. बाकी सगळं सोड."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग "कळलं," म्हणाली आणि अर्जाची नीट घडी करून दप्तरात ठेवली.

मलाही कळले, असे मी धरून चाललो.

घरी बायको रोज विचारी. "विचारलं का मायक्रॉननं?"

"विचारेल."

"तुम्हीच म्हणा की तिला, मी देतो म्हणून."

"अगं, शिफारस मागायची असते. द्यायला आपण धावायचं नसतं."

"बसा मग. लग्नाच्या पत्रिकेची वाट बघणाऱ्या रुसक्या आत्यासारखे."

मी वाट पाहत होतो, हे खरे. दाढी करताना, बसस्टॉपवर उभा असताना, पत्राची वाक्ये मनात जुळत होती. त्यात मध्यभागी होती ती दातेचक्राची हकीकत.

प्रकल्पासाठी तिला एक दातेचक्र कापायचे होते. मिलिंग मशीनवर असे चक्र कापताना प्रत्येक दात झाला की भोके पाडलेल्या एका चकतीवरून पिन ठरावीक भोके पुढे न्यायची असते. तेवढा जॉब फिरतो, मग पुढचा दात. तिने दिवसभर मन लावून काम केले, आणि शेवटच्या दाताशी आल्यावर पाहते तो एका बाजूला भलतीच जागा उरलेली. जॉब फुकट. अशा वेळी मुले काय करतात ते मला चांगले ठाऊक आहे. तुकडा धातूच्या चुऱ्याच्या डब्यात तळाशी जातो आणि दुसऱ्या दिवशी 'स्टोअरमधून मिळालाच नाही' असे सांगितले जाते. ती हॉल रिकामा होईपर्यंत थांबली आणि ते चक्र माझ्या टेबलावर आणून ठेवले.

"मास्तर, मी दर वेळी पिन ज्या भोकात आधीच होती, तेही मोजत गेले. म्हणजे दर वेळी एक भोक कमी पडलं."

मी चक्र हातात घेऊन फिरवून पाहिले. चूक तिने स्वतःच शोधली होती. मला सांगण्यासारखे काही उरले नव्हते. मग मी जे बोललो, ते नोकरीत आजवर कुणालाही बोललो नव्हतो. "बिघडलेला जॉब लपवणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. स्वतःहून दाखवायला आलेली तू पहिली. मुलगी असती तर तिनं असं असावं, असं मला वाटलं असतं." एवढे बोलून मीच संकोचलो. दुसरा तुकडा काढून दिला आणि उशीर होईल, घरी फोन कर, म्हणून सांगितले. तिने मान हलवली आणि मशीनकडे गेली.

हे शेवटचे वाक्य मी बायकोलाही सांगितले नव्हते.

मुदत जवळ आली तेव्हा विभागप्रमुखांनी मला बोलावले. माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान; पण माणूस सरळ. वर्कशॉपला नवे मशीन मिळावे म्हणून त्यांनी वरपर्यंत भांडण केले होते, हे मी विसरलेलो नाही.

"मास्तर, बसा ना. ती मायक्रॉन म्हणता तुम्ही, तिचं शिफारसपत्र माझ्याकडे आलंय. आता खोटं कशाला बोलू, मी तिला फारसं ओळखत नाही. तुम्ही थोडे मुद्दे लिहून द्या. मी सही करतो."

यात नवीन काही नव्हते. प्रयोगशाळेतल्या आणि वर्कशॉपमधल्या माणसांनी मजकूर पुरवायचा आणि खुर्चीतल्या माणसाने सही करायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मी फक्त विचारले, "दुसरं पत्र कुणाचं?"

"गणिताच्या सरांचं."

म्हणजे दोन्ही जागा भरल्या होत्या. बाहेर येऊन मी स्वतःची समजूत घातली. मुलगी बुजली असेल. विभागप्रमुखांनी आपणहून 'मी देतो' म्हटले असेल, तर विद्यार्थिनी त्यांना नको कशी म्हणणार? माझ्याकडे येऊन सांगायला तिला जड गेले असेल. अशा समजुती घालण्यात माणूस स्वतःशी फार उदार असतो.

मुद्दे देण्याऐवजी मी सबंध पत्रच लिहिले. त्यात 'मी' हा शब्द वारंवार येत होता आणि दर वेळी तो विभागप्रमुखांच्या तोंडी शोभेल असा लिहावा लागत होता. दातेचक्राची हकीकत ठेवली, कारण ती काढली असती तर मागे हुशार, मेहनती, शिस्तप्रिय एवढेच उरले असते. मी तिला काय म्हणालो, ते मात्र लिहिले नाही. ते पत्रात घालण्यासारखे नव्हते. दुसऱ्याच्या पत्रात तर नव्हतेच.

विभागप्रमुखांनी ते वाचले आणि चष्मा काढला. "मास्तर, एक अक्षर बदलत नाही मी."

बायकोला सांगितले तेव्हा ती भाजी निवडत होती. "म्हणजे तुम्ही शिवलं आणि त्यांनी घातलं."

"तसं नाही."

"कसं आहे मग? तिला माहीत आहे, कोणी लिहिलं ते?"

"नसेल."

"नसेल, म्हणे." आणि तिने ताट पुढे सरकवून माझ्यापुढे निम्मी भाजी ठेवली. "घ्या, निवडा. लिहायचं काम संपलंय तुमचं."

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या तासाला, शिपाई मला बोलवायला आला. मी अंगावर ॲप्रन तसाच ठेवून गेलो. विभागप्रमुखांच्या खोलीत ती आधीच उभी होती.

"या मास्तर. त्या संस्थेतून फोन येतोय. पत्राबद्दल त्यांना काही विचारायचंय. म्हटलं, तुम्ही जवळ असलेलं बरं. काही अडलं तर खुणेनं सांगा." मग तिच्याकडे कौतुकाने पाहून ते म्हणाले, "हिचंच डोकं. पत्राच्या वेळीसुद्धा हीच म्हणाली होती, सर, सही तुमची हवी, पण मजकूर मास्तरांकडून घ्या, त्यांना माझं सगळं माहीत आहे. व्यवहारी मुलगी आहे."

त्यांनी हे सहज सांगितले. मला लागेल, असे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. मी तिच्याकडे पाहिले. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. बुजलेली मुलगी, आपणहून पुढे आलेले विभागप्रमुख, जड गेलेले मन: माझी सगळी मांडणी तिथल्या तिथे जमीनदोस्त झाली.

फोन वाजला. विभागप्रमुखांनी स्पीकर चालू केला. पलीकडे एक वयस्क प्राध्यापिका होत्या. आवाज शांत, घाई नाही. त्यांनी आधी दातेचक्रातली चूक नेमकी कशी झाली ते विचारले. विभागप्रमुखांनी ती अगदी बिनचूक समजावली. माझ्याकडे पाहावेही लागले नाही त्यांना.

"छान," त्या म्हणाल्या. "काय आहे सर, आमच्याकडे पत्रांचा ढीग येतो. सगळी एकसारखी. हे एकच असं आलं की लिहिणारा माणूस तिथं उभा होता असं वाटलं. म्हणून म्हटलं, बोलावं."

विभागप्रमुख घसा साफ करून "धन्यवाद," म्हणाले. मी ॲप्रनच्या खिशातली फडकी मुठीत धरली.

"विद्यार्थिनी आहे का तिथे?"

"हो, हो, समोरच आहे."

"बाळ, मला एक सांग. तो बिघडलेला जॉब घेऊन तू सरांकडे गेलीस. सर काय म्हणाले तुला? पत्रात ते नाही."

विभागप्रमुखांनी पेन खाली ठेवले. हे त्यांना कुठून माहीत असणार? ते माझ्याकडे बघू लागले. पण मी तोंड उघडले असते, तर खोलीत तिसरा माणूस आहे हे पलीकडे कळले असते. मला वाटले, ती काहीतरी मोघम सांगेल. सरांनी समजावून सांगितलं, सरांनी धीर दिला. तेवढ्याने भागले असते.

ती म्हणाली, "सर म्हणाले, बिघडलेला जॉब लपवणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. स्वतःहून दाखवायला आलेली तू पहिली." मग ती थांबली. मी त्या दिवशी जिथे थांबलो होतो, तिथेच. "आणि म्हणाले, मुलगी असती तर तिनं असं असावं, असं मला वाटलं असतं."

पलीकडचा आवाज जरा खाली आला.

"सर असं म्हणाले?"

"हो. मग दुसरा तुकडा दिला आणि घरी फोन करायला सांगितलं."

विभागप्रमुखांना दोन मुली आहेत. त्यांचे फोटो त्याच टेबलावर होते. त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

"आणखी कोणी होतं का तिथे?" प्राध्यापिकांनी विचारले. संशयाने नव्हे, गोष्ट आवडली म्हणून आणखी ऐकावी, तसे.

ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"नाही. मी आणि सर, दोघंच."

माझ्या एका शब्दाने सगळे संपले असते. ती मामाच्या खुर्चीत जाऊन बसली असती, विभागप्रमुखांची लाज गेली असती, आणि जे माझे होते ते माझ्याकडे परत आले असते. मला तो शब्द उच्चारायचा होता, हे मी नाकारत नाही. त्या दिवशी मी तिथे नव्हतोच, असे ती म्हणाली होती. आताही मी नसल्यासारखा उभा राहिलो. श्वाससुद्धा जपून घेतला, यंत्राला ऐकू जाऊ नये म्हणून.

"भाग्यवान आहेस," प्राध्यापिका म्हणाल्या. "असे शिक्षक भेटत नाहीत."

फोन बंद झाल्यावर विभागप्रमुख उठून उभे राहिले. "मास्तर, वेळच अशी आली की..."

"सर, माझा तास चालू आहे," मी म्हणालो आणि निघालो.

ती वर्कशॉपच्या दारापर्यंत मागे आली. आत मुले काम करीत होती, म्हणून मी व्हरांड्यातच थांबलो.

"रागावलात, मास्तर?"

मी ॲप्रनची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"तुम्हीच म्हणाला होतात, ज्यानं काम पाहिलंय त्याच्याकडे माग. मी तेच केलं. लिहिलं तुम्हीच ना?"

"लिहिलं मी. मागितलंस त्यांच्याकडे."

"मामा म्हणाला, वर्कशॉपच्या माणसाची सही बघून ते पुढं वाचणारच नाहीत."

"खरं असेल. मग हे मला येऊन सांगायचं होतंस. मी आपणहून लिहून दिलं असतं, त्यांच्या सहीसाठी."

"कसं सांगणार? तुमची सही नको, असं तोंडावर म्हणू तुम्हाला?"

"पाठीमागे म्हणालीस ते बरं झालं?"

आतून एका लेथचा कर्कश आवाज येत होता. कुणीतरी हत्यार चुकीच्या कोनात लावले असावे. एरवी मी धावत गेलो असतो.

"आणि ते वाक्य?" मी विचारले.

"कुठलं?"

"तुला माहीत आहे कुठलं. पत्रात मी ते घातलं नव्हतं. का नव्हतं घातलं, एवढंही तुझ्या लक्षात आलं नाही?"

तिचे डोळे भरून आले. पण आवाज स्थिर होता. "त्यांनी एकदम विचारलं, मास्तर. काहीतरी बनवून सांगायला गेले असते तर अडखळले असते. खरं तेवढंच तोंडात आलं."

हे ती खोटे बोलत नव्हती. जे खरे होते ते तिने नीट जपून ठेवले होते, एका अक्षराचीही चूक न करता. आणि उपयोगाची वेळ आली तेव्हा दुसऱ्याच्या नावावर करून टाकले. तिला मुद्दाम दुखवायचे असते, तर मला सोपे गेले असते.

"जा," मी म्हणालो. "तास आहे तुझा."

घरी बायकोने विचारले, तेव्हा मी सगळे सांगितले. ते वाक्यही सांगितले. ती थट्टा करील असे वाटले होते. ती हातातले काम बाजूला ठेवून बसली. मग म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंत, तर निदान एवढं एक आपल्या दोघांत राहिलं असतं." आणि पुढच्या सुट्टीपासून डब्यात एकाचेच भरू लागली.

मायक्रॉनला जागा मिळाली. ही बातमी मला स्टोअरकीपरने खिडकीतून ओरडून सांगितली. जरा वेळाने ती स्वतः आली.

"मास्तर, मिळाली."

"सरांना सांगितलंस?"

"हो. आधी तिकडेच गेले होते."

"बरं केलंस."

ती तिथेच उभी राहिली. "मास्तर, तिथं गेल्यावर मी त्या बाईंना खरं सांगू का? आता प्रवेश पक्का झालाय. मी सांगते, पत्र तुमचं होतं म्हणून."

"नको. सांगायचं तेव्हा सांगितलं नाहीस. आता सांगून सर खोटे ठरतील, तूही ठरशील, आणि मला काय मिळेल? एका परक्या बाईची दया. मला ती नको."

"मग मी काय करू?"

"शीक. त्यासाठीच चाललीयस ना?"

तिने मान हलवली. जाता जाता वळली. "निघायच्या आधी या सुट्टीला एकदा येऊ का मशीनवर? तिथं कसलं मशीन असेल कोण जाणे."

"सुट्टीच्या दिवशी वर्कशॉप वापरायला विभागप्रमुखांची लेखी परवानगी लागते."

थट्टा आहे असे वाटून ती हसली. असा कागद मी तिच्याकडे कधी मागितला नव्हता. मी हसत नाही हे पाहिल्यावर तिचे हसू विरले.

सुट्टीच्या दिवशी ती सही घेऊन आली. मी सही तपासली, कुलूप काढले, मुख्य स्विच चालू केला आणि व्हरांड्यात स्टोअरकीपरच्या बाकावर येऊन बसलो. आतून मिलिंग मशीनचा आवाज येऊ लागला. सावकाश, एकसारखा, मी शिकवला होता तसा.

स्टोअरकीपरने आत डोकावून पाहिले. "मायक्रॉन आलीय. तुम्ही इथं काय करताय? जा की आत."

"काही लागलं तर विचारेल," मी म्हणालो. "तिला येतं आता सगळं."